पागोट्याचा रंग लिहिला, बाईचं नाव राहिलं

आमच्या घोटी-इगतपुरी भागात सध्या इतिहासाला बरे दिवस आले आहेत. चौकाचौकात फलक लागतात, जयंत्या होतात, मिरवणुका निघतात. राघोजी भांगरे यांचं नाव आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. देवगावचा हा महादेव कोळी इंग्रजांच्या आणि सावकारांच्या विरोधात उठला आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. भागोजी नाईक या भिल्ल पुढाऱ्याचंही नाव घेतलं जातं. आदिवासींचा इतिहास शंभर-दीडशे वर्षं कुणी विचारला नाही, तो आता आदिवासी स्वतः सांगू लागले आहेत. याचा मला आनंद आहे, आणि तो आधीच नोंदवते, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यावरून मला 'समाजात फूट पाडणारी' म्हटलं जाणार आहे.

सवाल असा आहे. या कार्यक्रमांतून वाचली जाणारी नावांची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरुषांची असते. मग एखादी आमच्यासारखी उठून विचारते, "यात बायका कुठं आहेत?" त्यावर व्यासपीठावरून उत्तर येतं, "ताई, त्या काळच्या नोंदीतच बायका नाहीत, त्याला आम्ही काय करणार?" उत्तर मोठ्या नम्रपणे दिलेलं असतं. लोक माना हलवतात, आणि प्रश्न विचारणारी खाली बसते. मला भांडायचं आहे ते या नम्र उत्तराशी.

नोंदी म्हणजे कुठल्या नोंदी, ते आधी पाहू. आमच्या भागाचा १८५७ चा इतिहास सांगणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे मुंबई इलाख्याचं इंग्रजांनी छापलेलं गॅझेटियर. नाशिकचा खंड १८८३ चा, तेव्हाच्या अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, १८८४ चा. त्यांतून जे कळतं ते थोडक्यात असं. ४ ऑक्टोबर १८५७ ला नांदूर शिंगोट्याच्या डोंगरात भागोजी नाईकाच्या भिल्लांनी लेफ्टनंट हेन्री या पोलीस अधिकाऱ्याला ठार केलं आणि बंड पसरलं. डिसेंबरात त्र्यंबकच्या खजिन्यावर भिल्ल आणि ठाकर चालून गेले. पेठच्या राजाला पुढं फाशी झाली. आणि त्याच डिसेंबरात इंग्रजांनी नाशिक-नगरच्या डोंगरी भागातून महादेव कोळ्यांची एक पलटण उभी केली. तिचा अधिकारी नटाल नावाचा लेफ्टनंट, पुढं कॅप्टन झालेला. आतला मुख्य जावजी नाईक बांबळे. सुरुवातीला शे-सव्वाशे माणसं होती, ती वाढत सहाशेपर्यंत गेली. घरची तलवार, घरची बंदूक घेऊन लोक गोळा होत. या पलटणीनं तीन वर्षं डोंगर पिंजून काढले. ११ नोव्हेंबर १८५९ ला सिन्नर भागातल्या मिठसागरला सूटरच्या पोलिसांनी भागोजीला मारलं. मार्च १८६१ मध्ये कोळी पलटण मोडली. थोडे लोक पोलिसात गेले, बाकीचे पुन्हा शेतीला आणि मजुरीला लागले.

म्हणजे आमच्या डोंगरात १८५७ हे नुसतं गोऱ्यांविरुद्धचं युद्ध नव्हतं. ती यादवीही होती. एका खोऱ्यातले कोळी सरकारच्या बाजूनं, दुसऱ्या खोऱ्यातले कोळी आणि ठाकर विरुद्ध बाजूनं, आणि भिल्लांच्या मागावर कोळी. हा भाग व्यासपीठावरून सांगितला जात नाही. तो का सांगत नाहीत याकडे मी पुढं येते.

आता त्या पलटणीचं वर्णन बघा. गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबाला ही पलटण फार आवडलेली दिसते. त्यांची पागोटी गडद हिरवी होती, हे तो लिहितो. डगलाही गडद हिरव्या कापडाचा. कमरेचं वस्त्र गडद रक्तवर्णी, जवळजवळ गुडघ्यापर्यंत येणारं. पायात वहाणा. तंबू नाहीत, सामानाची गाडी नाही, प्रत्येक गडी आपलं सगळं सामान पडशीत आणि पाठीवरच्या पिशवीत घेऊन चालायचा. दिवसाला तीस-चाळीस मैल, तेही डोंगरातून. चाल कशी, तर स्कॉटलंडच्या डोंगरी शिपायांसारखी उसळती. मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम बंदूक पुसायचं. गटागटानं मिळून जेवण करायचे आणि स्वैपाकाची भांडी आपसात वाटून वाहायचे.

(हे शेवटचं वाक्य जरा लक्षात ठेवा. महादेव कोळ्यांचे पुरुष १८५७ साली डोंगरात स्वतः भाकरी भाजून, स्वतः भांडी घासून, पुन्हा ती खांद्यावर टाकून चाळीस मैल चालत होते, आणि त्यानं त्यांच्या मर्दपणाला काही बाधा आली नाही, असं खुद्द सरकारी पुस्तकात छापलेलं आहे. पुढच्या शिबिरात हे वाचून दाखवायला हरकत नाही.)

तर पागोट्याचा रंग सापडतो. कमरेच्या वस्त्राची लांबी सापडते. आणि त्या सहाशे गड्यांपाठीमागं जी घरं होती, त्या घरांतली एकही बाई नावानिशी सापडत नाही. 'नोंदीत बायका नाहीत' याचा अर्थ एवढाच, की ज्याला कमरेच्या वस्त्राचा रंग टिपायला वेळ होता त्यानं बाईला विचारलं नाही. न विचारणं हे कुणीतरी केलेलं काम आहे. ते पावसासारखं आभाळातून पडलेलं नाही.

आता आपण आपल्या पद्धतीनं हिशोब मांडू. डिसेंबर १८५७ ते मार्च १८६१. यात पावसाळे किती? १८५८, १८५९, १८६०, असे तीन. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. आमचं पीक भात, आणि वरच्या उताराला नाचणी, वरई. भाताचं काम पावसाळ्यात सुरूच होत नाही, ते उन्हाळ्यात सुरू होतं. पालापाचोळा, शेण, फांद्या गोळा करून राब भाजायचा. पाऊस पडला की त्यात रोप टाकायचं. मग चिखलणी, मग आवणी, म्हणजे गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोप लावायचं. मग निंदणी, मग कापणी, झोडणी. यातलं जवळजवळ सगळं बाई करते. फक्त एक गोष्ट तिला वर्ज्य, ती म्हणजे नांगर. बाईनं नांगराला हात लावायचा नाही, लावला तर पाऊस पडत नाही, गावावर संकट येतं. आता मला सांगा, शंभरेक नव्हे तर सहाशे गडी डोंगरात आणि आऊत घरात उभं. तीन पावसाळे ही जमीन कुणी नांगरली? एक तर बायकांनी रूढी मोडून नांगर धरला, किंवा दुसऱ्याच्या बैलासाठी आणि गड्यासाठी मजुरी करून, धान्य देऊन नांगरट करून घेतली, किंवा जमीन पडली आणि सावकाराकडं गेली. चौथा मार्ग मला दिसत नाही. तिन्ही मार्गांनी किंमत मोजली ती बाईनंच. ही यादवीच्या काळातली अर्थव्यवस्था आहे, आणि ती कुठल्याही 'शौर्यगाथे'त नाही.

दुसऱ्या बाजूची बाई तर आणखी अंधारात आहे. भागोजीच्या भिल्लांना दोन वर्षं डोंगरात अन्न कोण पोचवत होतं? बंडवाला सापडत नाही तेव्हा पोलीस कुणाच्या दारात जातात? राघोजीच्या आईचा छळ झाला ही गोष्ट आमच्याकडे आजही सांगितली जाते. सांगतात कशासाठी? तर त्यामुळे मुलगा पेटून उठला, यासाठी. आईचा छळ हे मुलाच्या पराक्रमाचं कारण म्हणून येतो. त्या बाईनं तोंड उघडलं की नाही, पोलिसांना काय सांगितलं, काय लपवलं, नंतर ती किती वर्षं जगली आणि कुणाच्या आधारानं, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही.

गॅझेटियरमध्ये बायका अजिबातच नाहीत असंही नाही हं. आहेत, पण दुसऱ्या प्रकरणात. जातीजमातींची वर्णनं आहेत तिथं. लुगडं कसं नेसतात, चोळी घालतात का, दागिने पितळेचे की चांदीचे, लग्नाला खर्च किती, विधवेचा पाट लागतो की नाही. म्हणजे पुरुष 'इतिहास' या प्रकरणात आणि बाई 'चालीरीती' या प्रकरणात. पुरुषाला तारीख असते, बाईला सवय असते. दीडशे वर्षांनी आपली मुलं-मुली शाळेत तेच शिकतात, आणि आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत पुरुष धनुष्यबाण घेऊन पुढं आणि बायका फेर धरून मागं, हे दृश्य आपल्याला स्वाभाविक वाटतं.

इथं मला आपल्या स्वतःच्या चळवळीशीही थोडं भांडायचं आहे. नोंदीत बाई नाही म्हटल्यावर आपण काय करतो? आपण रणरागिणी शोधायला निघतो. कुठंतरी एखादी तलवार घेतलेली, पुरुषवेष केलेली, घोड्यावर बसलेली बाई सापडली की आपण तिचं पोस्टर करतो आणि हुश्श करतो. झाशीच्या राणीबद्दल मला आदर आहे. पण या शोधात आपण त्यांचीच मोजपट्टी हातात घेतो. जी लढली तीच मोजायची, हे मान्य केलं की मग आवणी करणारी सहाशे घरातली बाई आपणच दुसऱ्यांदा पुसून टाकतो. आमच्या भागात तलवारवाली बाई नाही सापडली तर काय आम्हाला इतिहास नाही?

आणि तलवारवाली सापडली तरी कागद तिला काय देतो, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिथल्या स्वयंसेवक पलटणींचे कागद आजही जपून ठेवलेले आहेत, शिपायागणिक. हॅरिएट टबमन ही गुलामीतून पळून आलेली काळी बाई. युद्धात तिनं उत्तरेच्या सैन्यासाठी हेरगिरी केली, जखमींची शुश्रूषा केली. जून १८६३ मध्ये कंबाही नदीवरच्या छाप्यात ती वाट दाखवत पुढं होती आणि त्या एका छाप्यात सातशेहून जास्त गुलाम मोकळे झाले. युद्धानंतर तिनं पेन्शन मागितलं. कित्येक वर्षं मिळालं नाही. शेवटी १८९५ मध्ये महिना ८ डॉलर मंजूर झाले ते कशाबद्दल? तिचा दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस शिपाई होता, त्याची विधवा म्हणून! १८९९ मध्ये ते २० डॉलर केले, ते परिचारिकेच्या कामाकडं बोट दाखवून. हेर म्हणून, वाटाडी म्हणून तिला पेन्शन कधी मिळालंच नाही. स्वतः लढलेल्या बाईला नवऱ्याच्या नावाच्या दारातून आत यावं लागलं.

पण त्याच अमेरिकेच्या दफ्तरात आपल्याला शिकण्यासारखं दुसरंही एक आहे. १८६२ च्या कायद्यानं मेलेल्या शिपायांच्या विधवांना पेन्शन मिळू लागलं. त्यासाठी लग्नाचा पुरावा हवा. काळ्या शिपायांच्या बायका तो कुठून देणार? गुलामांच्या लग्नाला कायदाच नव्हता, त्यामुळे कागद असण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा १८६४ मध्ये कायद्यात सोय करावी लागली, की ती दोघं नवरा-बायको म्हणून राहात होती असं विश्वासू साक्षीदारांनी सांगितलं तर ते चालेल. त्यातून हजारो गरीब, निरक्षर बायकांचे जबाब लिहिले गेले. लग्न कधी झालं, मुलं किती, कुणाच्या मळ्यावर होतो, कुणी विकलं. ते जबाब आज त्या बायकांच्या इतिहासाचं मोठं साधन आहेत. सरकारनं हे काही प्रेमानं केलं नाही. पुढं १८८२ मध्ये त्याच सरकारनं असा नियम केला, की पेन्शन घेणारी विधवा परपुरुषाबरोबर राहताना आढळली तर पेन्शन बंद. म्हणजे पेन्शनबरोबर तिच्या चारित्र्यावर पहाराही आला. तरीसुद्धा मुद्दा उरतोच. कागद नव्हता तिथं तोंडी साक्ष ग्राह्य धरली, आणि नोंदीत नसलेली बाई नोंदीत आली. 'नोंदच नाही, आम्ही काय करणार' म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं, दीडशे वर्षांपूर्वीच्या पलटणीत बाईचं नाव असलं काय नि नसलं काय, आज आमच्या पोटाला काय त्याचं? आमच्या तालुक्यात त्याचं पोटाशी थेट नातं आहे. ते कसं, ते सांगते.

आदिवासी म्हणून शिक्षणात, नोकरीत जागा हवी तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. महाराष्ट्रात २००१ च्या कायद्यानं पडताळणी सक्तीची आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख. त्याच्या आधीचा पुरावा दिला तर त्याला वजन. आजोबाचा शाळेतला दाखला, पणजोबाचं नाव असलेला महसुली कागद. बरेचसे कागद मोडीत. त्यात नुसतं 'कोळी' लिहिलेलं असलं तर आणखी कटकट, कारण 'महादेव कोळी' असं स्पष्ट हवं. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा लाटणारे पुष्कळ आहेत, तेव्हा पडताळणी नको असं मी म्हणणार नाही. पण सोबत जी वंशावळ जोडायची तिचा रिवाज बघा. पणजोबा, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. बायकांना त्या झाडाला फांदी नाही. पुरावा 'वडिलांकडचा' हवा.

घोटीपासून जवळच्याच एका गावातली ही गोष्ट. नाव-गाव सांगत नाही. बाईचा नवरा वारला. पदरात एक मुलगी, बारावी झालेली, नर्सिंगला जायची जिद्द. पडताळणीला आजोबाचा शाळेचा दाखला लागणार. तो दिरांच्या पेटीत. बाई मागायला गेली तेव्हा थोरला दीर म्हणाला, "दाखला काय, देतो की वहिनी. तेवढी हक्कसोडीवर सही करून टाका. तुमचं आणि पोरीचं नाव सातबाऱ्यावर कशाला अडकून पडलंय?" आजोबाचा कागद जमिनीच्या बदल्यात! बाई माझ्याकडे आली. आम्ही दोघी संबंधित कार्यालयात गेलो. बाईच्या माहेरचे सगळे पुरावे स्वच्छ, भावाची पडताळणी झालेली. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी ते कागद बघितलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आईकडचं काय करायचंय? बापाकडचं आणा." मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल सांगितला, रमेशभाई नायका खटल्यातला. आईबाप वेगवेगळ्या जातीजमातीचे असले तरी मूल आईच्या समाजात वाढलं का, तिथले भोग त्याच्या वाट्याला आले का, हे तपासलं पाहिजे, बापावरून डोळे झाकून ठरवायचं नाही, असं त्यात म्हटलं आहे. इथं तर आईबाप दोघंही महादेव कोळी! गृहस्थ म्हणाले, "ते कोर्टात सांगा." नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख कोर्टासाठी थांबत नाही. बाईनं सही केली. मुलगी आज नोकरी करते आहे आणि तिच्या आईचं सातबाऱ्यावर नाव नाही.

जुन्या मराठी दस्तांत निरक्षर माणसाची सही म्हणून चित्र काढायची पद्धत होती. कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याची निशाणी तराजू, आणि बाईची निशाणी बांगडी. आपल्याला शोधायचंच असेल तर बाई तिथं सापडेल. वाटण्या, हक्कसोड, खरेदीखत, अशा कागदांच्या तळाशी, एक वाटोळी बांगडी. सोडून देण्यापुरतं बाईला कागदावर घ्यायचं, ही रीत मोडी गेली तरी गेलेली नाही. आता बांगडीच्या जागी अंगठा आला एवढंच. वरून आदिवासी बाईला वारसा कायद्याचाही आधार नाही. १९९४ ला महाराष्ट्रानं आणि २००५ ला देशानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, त्याचे पेढे आपण वाटले, पण हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका आदिवासी बाईच्या वारसांना बरोबरीचा हिस्सा दिला आणि बाईला वगळणारी रूढी आहे हे सिद्ध न करता तिला वगळता येणार नाही असं सांगितलं. निकाल चांगला आहे. तो आमच्या तलाठ्याच्या टेबलापर्यंत चालत येईपर्यंत किती बांगड्या उमटतील हा प्रश्न आहे.

म्हणून मी म्हणते, नोंदीचा प्रश्न हा पुस्तकातला प्रश्न नाही. पलटणीच्या काळात 'गडी मोजायचे' अशी जी सवय लागली, तीच सवय आज वंशावळीच्या कागदात बसली आहे.

आता त्या लपवलेल्या पलटणीकडे येते. कोळी पलटणीचं नाव आपल्या सभांतून का घेतलं जात नाही? कारण ती इंग्रजांच्या बाजूनं लढली. लाज वाटते. मिरवायला बंडखोर हवेत, सरकारी शिपाई नकोत. मला ही लाज समजते. पण जरा व्यवहारानं बघा. बंडखोराचा कागद निघतो तो बहुधा गुन्हेगार म्हणून. शिपायाचा कागद निघतो हजेरी आणि पगारासाठी. जुन्या पुराव्यासाठी दारोदार फिरणाऱ्या आमच्यासारख्यांनी आपल्याच इतिहासातलं सरकारी पान फाडून टाकायचं, ही चैन आम्हाला परवडत नाही. आणि तो गडी तरी पलटणीत का गेला? 'स्वयंसेवक' म्हणून आपखुशीनं गेला असं साहेब सांगेल, गद्दारी केली असं आपला वक्ता सांगेल. डिसेंबरात भात घरात आलेलं, सावकाराचं देणं डोक्यावर, दरमहा रोख पगार मिळतोय, आणि न गेलं तर बंडवाला ठरायची भीती. यात खुशी किती आणि नाइलाज किती, ते त्याच्या बायकोनं नेमकं सांगितलं असतं.

आपण काय करायचं, त्यावर आमच्या घोटीच्या गटात बरीच चर्चा झाली. काही मैत्रिणींचं म्हणणं पडलं की सरकारकडं मागणी करावी. त्याप्रमाणे मागणी आहेच. मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि जिल्ह्याच्या दफ्तरात असलेल्या १९५० पूर्वीच्या आमच्या भागाच्या लष्करी, पोलिसी, महसुली नोंदी मोडीतून आणि इंग्रजीतून मराठीत आणून तालुक्याला उघड्या ठेवाव्यात, म्हणजे आजोबाचा कागद कुठल्याच दिराच्या पेटीत ओलीस राहणार नाही. पडताळणीच्या वंशावळीत आई, आजी, आत्या, मुलगी यांची नावं घालणं सक्तीचं करावं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, असा क्रम राज्य सरकारनं लावला. दाखल्यावर आई चालते तर पडताळणीला का चालत नाही?

पण मागणी करून बसून राहण्यापेक्षा एक काम आजपासून हातात घेता येतं. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. नियम १३ काढून वाचा. दाव्यासाठी कोणते पुरावे चालतात त्याची यादी आहे. तिच्यात गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल आहेत, आणि त्याच यादीत गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचे लेखी घेतलेले जबाबही आहेत. दावा करणाऱ्याचा स्वतःचा जबाब सोडून. म्हणजे साहेबानं छापलेलं पुस्तक आणि आजीनं सांगितलेली आठवण या देशाच्या कायद्यानं एका यादीत बसवल्या आहेत. हे आपण वापरतो किती? आमच्याकडच्या जुन्या दाव्यांच्या फायली मी चाळल्या, जबाब सगळे म्हाताऱ्या बाबांचे. राब कुठं भाजत होतो, लाकूडफाटा कुठून आणत होतो, पाणवठा कुठला, करवंदं-डिंक-हिरडा कुठल्या रानात, हे ज्या आजीला पायाखाली माहीत, ती ओट्यावर बसून ऐकत होती. वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका हव्यात असा नियम आहे, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं हवा असं कलम ४ सांगतं. जबाब मात्र बाबाचा!

आम्ही आता एक साधा तक्ता केला आहे. दर गावात साठीच्या पुढच्या बायकांकडे दोघींनी जायचं, एकीनं बोलायचं, एकीनं लिहायचं. पहिला प्रश्न तिच्या स्वतःच्या नावाचा. लग्नात बदलण्याआधीचं आणि नंतरचं. मग आईचं नाव, आईच्या आईचं नाव, त्यांची गावं. सासू, आजेसासू. मग शेत, रान, पाणी, कोणतं काम कुठं केलं. बहुतेक आज्या आधी म्हणतात, "माझं काय लिवती बया, म्हाताऱ्याला इचार." पण आईच्या नावापाशी आल्या की बसतात. मग तासभर उठू देत नाहीत. आजपर्यंत भेटलेल्या बहुतेकींना माहेरच्या बाजूच्या तीन पिढ्या पाठ होत्या, आणि त्यांच्या घरातल्या पुरुषांना त्या माहीत नव्हत्या.

जबाब पूर्ण झाला की तो तिला वाचून दाखवायचा, ग्रामसभेत वाचायचा, ठरावात त्याचा उल्लेख घ्यायला लावायचा आणि एक प्रत तिच्याजवळ ठेवायची. ग्रामसेवक 'याची गरज नाही' म्हणतील, त्यांना नियम १३ दाखवायचा. अंगठा घेतला तर शेजारी तिचं नाव पूर्ण लिहायचं, नुसतं 'अमक्याची बायको' चालणार नाही. तक्त्याची कोरी प्रत ज्या गटांना हवी असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. आमच्याकडे हे काम आवणीच्या आधी उरकायचं आहे, कारण एकदा पाऊस लागला की एकही बाई घरात सापडणार नाही.